भुरीचा डावा कान

दिवाळी होऊन आठ दिवस झाले, तरी सखाबाईच्या वाट्याचा निम्मा शिंगाडा अजून पाण्यातच होता. पिकलेला शिंगाडा वेलावर फार दिवस थांबत नाही. सुटतो आणि गाळात जातो. म्हणून ती उजाडताच तलावाच्या पाळीवर, मातीच्या उंच काठावर यायची, लाकडी होडीसारखा डोंगा पाण्यात लोटायची, पदर कमरेला खोचून पुढच्या टोकाशी उकिडवी बसायची. वेल उचलायचा, उलटा करायचा, पानांखालची फळं तोडून मागं टाकायची, वेल परत पाण्यात सोडायचा. शिंगाड्याच्या काट्यांनी बोटांची टोकं फाटली होती. त्यांत पाणी शिरलं की झोंबायचं, आणि थोड्या वेळानं बोटंच बधिर झाली की झोंबायचं थांबायचं.

दर चार वेलांमागं ती मान वर करून पाळीकडं बघायची. पाळीवर भुरी बसलेली असायची.

भुरी ही मंगरूची कुत्री. मंगरू म्हणजे सखाबाईचा नवरा. तो जाऊन तीन वर्षं झाली होती. त्यानं अड्याळच्या बाजारातून हे पिल्लू पिशवीत घालून आणलं, तेव्हा सखाबाई दोन दिवस त्याच्याशी बोलली नव्हती. घरात माणसांना मासा पुरत नाही आणि हे कुत्र्याचं तोंड कशाला, असं तिचं म्हणणं. पिल्लू असतानाच गावातल्या कुत्र्यांनी भुरीचा उजवा कान फाडला. तो पुढं कायमचा लोंबत राहिला, वाळलेल्या पळसाच्या पानासारखा. डावा मात्र उभा होता.

मंगरू गेल्यानंतरच्या पावसाळ्यात सखाबाईला कमी ऐकू यायला लागलं. आधी बेडकं गेली. तिला वाटलं, यंदा बेडकंच नाहीत. मग भांड्यांचा आवाज गेला, मग मागून मारलेली हाक गेली. एका दुपारी ती ओसरीवर तांदूळ निवडत होती. समोर पडलेल्या भुरीचा डावा कान एकदम ताठ उभा राहिला आणि पुढं वळला. सखाबाईनं सहज मागं बघितलं, तर दारात अंगणवाडीची बाई उभी. तिचं तोंड लाल झालं होतं. किती वेळ हाका मारत होती कोण जाणे.

त्या दिवसापासून सखाबाई भुरीचा कान बघायला लागली.

ते काही एका दिवसात जमलं नाही. कान ताठ पुढं म्हणजे काहीतरी नवीन आहे, तिकडं बघावं. नुसताच बाजूला वळला, जसं पान वाऱ्यानं वळतं, तर ओळखीचा आवाज. दूधवाल्याची सायकल नाहीतर एसटीचा भोंगा. सैल मागं गेला आणि सोबत कंबर, शेपूट सगळंच हलायला लागलं तर घरचं कोणीतरी. आणि डोक्याला घट्ट चिकटला, तोंड मिटलं, डोळ्याचा पांढरा कोपरा दिसला, की भुरी घाबरली आहे, किंवा तिला दुखतंय. तिच्या वाटेला जाऊ नये. नुसता कान बघून भागत नाही, शेपूट आणि तोंडही बघावं लागतं, हे तिला चुकत चुकत कळलं. दोन वर्षांत ती इतकी तरबेज झाली, की घरात भुरी असली तर ती बहिरी आहे असं कोणाच्या लक्षात यायचं नाही. निदान तिला तरी तसं वाटायचं.

हे लपवायला कारण होतं. चार वर्षांपूर्वी मोहल्ल्यातल्या एका म्हाताऱ्याचे कान गेले. तलावाची सोसायटी होती, तिचे अध्यक्ष वासुदेवराव. त्यांनी त्या म्हाताऱ्याचं पाण्यात जाणं बंद केलं. पाण्यात कोणी अडकलं, त्यानं हाक मारली आणि म्हाताऱ्याला ती ऐकूच गेली नाही तर जबाबदारी कोणाची, असं ते म्हणाले, आणि त्यात खोटं काही नव्हतं. म्हातारा मग ओट्यावर बसायचा. येणारे-जाणारे त्याला हात करायचे, तोही हात करायचा. एवढंच त्याचं बोलणं उरलं. दोन वर्षं तसा बसून तो गेला. सखाबाईला ते रोज दिसत होतं.

तिचा मुलगा गुलाब बुटीबोरीला कंपनीत होता, बायकोसह एका खोलीत. तो आठवड्यातून एकदा फोन करायचा. सखाबाई फोन कानाला घट्ट दाबायची, तरी आतून माशी भणभणल्यासारखंच ऐकू यायचं. ती अंदाजानं म्हणायची, हो, बरी आहे, हो, जेवली. दिवाळीच्या आधी त्यानं काहीतरी लांबलचक विचारलं. ती म्हणाली, हो हो. मग दिवाळीला तिनं अनारसे केले, ओसरी सारवली, आणि तीन दिवस एसटीच्या वेळेला भुरीच्या कानाकडं बघत बसली. गुलाब आला नाही. यंदा सुट्टी नाही, नाही आलो तर चालेल का, असं त्यानं विचारलं होतं, हे तिला शेजारच्या डिंपलकडून नंतर कळलं. अनारसे तिनं डिंपलच्या मुलीला दिले.

डिंपल म्हणजे मंगरूच्या धाकट्या भावाची सून. तिचा नवरा निकेश. दोन्ही घरांच्या मध्ये बांबूचा ताटवा, म्हणजे कामट्यांचं कुंपण होतं आणि तो ताटवा नेमका कुठं असावा यावरून निकेशचं आणि मंगरूचं एकदा मोठं भांडण झालं होतं. मंगरू गेल्यावर भांडण राहिलं नाही, पण बोलणंही जेवढ्यास तेवढंच. त्यांची मुलगी तृप्ती पाच वर्षांची होती. तिला ताटव्याशी काही देणंघेणं नव्हतं. तिनं खालच्या बाजूला दोन कामट्या वाकवून वाट केली होती आणि त्या वाटेनं ती दिवसातून दहादा भुरीकडं यायची.

त्या गुरुवारी सकाळी सखाबाई अंगणात शिंगाडे उकडत होती. भुरी आदल्या दिवसापासून लंगडत होती. पाळीवर जुन्या टरफलांचे काटे पडलेले असतात, त्यातला एक तिच्या पुढच्या पायात घुसला होता. सखाबाईनं काढायचा प्रयत्न केला, पण अर्धा आतच राहिला. भुरी तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या ढिगाला टेकून पाय चाटत पडली होती.

शिंगाडे शिजले होते. सखाबाईनं दोन्ही हातांत फडकी घेतली आणि गंज चुलीवरून उचलला. गंज मोठा होता, काळं पाणी काठोकाठ. तो तिरपा करून ती पाणी काढायला लागली, तेवढ्यात तृप्ती कामट्यांतून आत आली. तिच्या हातात बिस्किट होतं. भुरीनं ते घेतलं नाही. तृप्ती तिच्या शेजारी बसली, तिच्या गळ्यात दोन्ही हात घातले आणि दुखरा पाय आपल्या मांडीवर ओढला.

सखाबाईनं भुरीचा कान बघितला. तो डोक्याला चिकटला होता. भुरीनं तोंड दुसरीकडं वळवलं होतं, ओठावरून जीभ फिरवली होती, आणि डोळ्याचा पांढरा कोपरा दिसत होता.

सखाबाईला कळलं. पण हातात गंज होता, अर्धा कललेला. सोडला तर सगळे शिंगाडे मातीत जाणार होते, पहाटेपासूनची मेहनत होती. भुरी आजवर कोणाला चावली नव्हती. तिनं आधी गंज सरळ केला. मग जपून, दगडावर नीट बसेल असा, खाली ठेवला. तोंडानं ओरडायचंही तिला सुचलं नाही. सगळा जीव त्या गंजात होता. गंज ठेवून ती वळली तेव्हा तृप्तीचं तोंड उघडं होतं आणि तिच्या हातावरून रक्त ओघळत होतं. तिचं रडणं सखाबाईला ऐकू आलं नाही. दिसलं.

निकेशनं मुलीला उचलून मोटरसायकलवर घातलं आणि दवाखान्यात नेलं. तिथं जखम बराच वेळ साबणाच्या पाण्यानं धुतली, सुई दिली, आणि पुढच्या औषधाला भंडाऱ्याला पाठवलं. मनगटाच्या वर दोन दात खोल गेले होते. डॉक्टरनं सांगितलं की कुत्रीला मारू नका, दहा दिवस बांधून ठेवा आणि लक्ष द्या. सखाबाईनं भुरीला तणसाशेजारच्या खुंटाला बांधलं. मग पकड घेऊन तिच्या पायातला राहिलेला काटा काढला. भुरीनं काढू दिला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सोसायटीच्या शेडमध्ये माणसं जमली. निकेशनंच बोलावली होती. सखाबाई एकटी गेली. खूप जण एकाच वेळी बोलत होते. ती या तोंडाकडून त्या तोंडाकडं बघत राहिली. ओठ भरभर हलत होते, एकही शब्द धरता येत नव्हता. कुत्रीला घालवून द्यावं असं कोणी म्हणत होतं, बाकीच्या कुत्र्यांचंही काही करावं असं कोणी. वासुदेवरावांनी बाजूनं तिला काही विचारलं. तिला पत्ताच लागला नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. मग एकेक जण गप्प झाला आणि सगळे तिच्याकडं बघायला लागले.

निकेश तिच्या समोर येऊन उभा राहिला. त्याचे ओठ मात्र तिला वाचता आले, कारण तो एकेक शब्द चावून बोलत होता.

"ती कुत्री गुरगुरून राहिली होती, मोठीमाय. डिंपलले घरात आयकाले आलं. तू तीन हातावर उभी होतीस. पोरीले काहून नाही सोडवलं?"

सखाबाईनं डिंपलकडं बघितलं. डिंपल बायकांच्या मागं, मान खाली घालून उभी होती.

निकेशच्या मनात काय आहे ते सखाबाईला कळलं. जुन्या ताटव्याचा राग म्हणून म्हातारी उभी राहून बघत राहिली, असं त्याला वाटत होतं. त्याला एकट्याला नाही, शेडमध्ये बऱ्याच जणांना. तिनं शेजारचा खांब धरला.

"मले आयकाले येत नाही," ती म्हणाली. "दोन साल झाले."

निकेशचं तोंड उघडंच राहिलं. मागच्या बाजूला एक बाई दुसरीला कोपरानं ढोसून काही म्हणाली, आणि त्या दोघींच्या चेहऱ्यांवरून सखाबाईला समजलं, की त्यांना नवल वाटलेलं नाही. त्यांना आधीपासूनच माहीत होतं. बाजारात, नळावर, लग्नात, ती जिथं जिथं हसून मान हलवत आली होती, तिथं तिथं त्यांना माहीत होतं.

वासुदेवराव तिच्यासमोर आले आणि सावकाश म्हणाले, "मंग हे आधी कायले नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर डोंगा नेऊ दिला असता का तुमी?"

वासुदेवरावांनी निर्णय सांगितला. कुत्री दहा दिवस बांधलेली राहील, ठीक राहिली तर पुढंही बांधूनच ठेवायची, मोकळी सोडायची नाही. आणि सखाबाईनं आता पाण्यात जायचं नाही. तिच्या वाट्याचा शिंगाडा निकेशनं तोडावा, तिनं उकडून विकावा. हे दुसरं त्यांनी तिच्याकडं न बघता सांगितलं. तिला ते घरी येताना एका बाईनं हातवारे करून समजावलं.

त्यानंतरचे दिवस सखाबाईला फार मोठे वाटले. निकेश सकाळी तिचा डोंगा घेऊन जायचा आणि ओलं पोतं अंगणात आणून टाकायचा, न बोलता. त्याच्या मनातला राग गेला होता, पण त्या जागी काय ठेवावं ते त्याला कळत नव्हतं. तो नजर टाळायचा. ती शिंगाडे धुवायची, उकडायची, सुरीनं चिरा द्यायची. लोक आता तिच्याशी बोलायचेच नाहीत. आधी निदान काहीतरी बोलायचे आणि ती अंदाजानं उत्तर द्यायची. आता हात करून पुढं जायचे. पाळीवर जायचं तर भुरीला नेता येत नव्हतं, म्हणून ती वाटेनं दर दहा पावलांवर थांबून मागं बघायची. एकदा एक मोटरसायकल अगदी अंगाला घासून गेली, तेव्हापासून ती रस्ता सोडून धानाच्या बांधावरून चालायला लागली. धानाची कापणी सुरू होती. बांधावरून जाताना कापणाऱ्या बायका वाकलेल्या दिसायच्या, त्यांचे ओठ हलताना दिसायचे. गात असतील.

सातव्या दिवशी दुपारी ती भुरीला भात घालत होती. भुरीचा कान बाजूला वळला. ताटव्यापलीकडं तृप्ती उभी होती, हाताला पांढरी पट्टी. कामट्यांची वाट निकेशनं तारेनं बांधून टाकली होती. तृप्तीनं काहीतरी विचारलं. सखाबाई ताटव्याजवळ गेली आणि तिच्या तोंडासमोर बसली. तृप्तीनं पुन्हा विचारलं, भुरी काहून चावली.

"तिचा पाय दुखत होता," सखाबाई म्हणाली. "तिनं तुले सांगितलं होतं, सोड म्हनून. कानानं सांगितलं होतं."

तृप्ती म्हणाली, तिचा कान तर नेहमीच खाली असतो.

"तो मोडका कान हाये. तो काही सांगत नाही. डाव्याकडं पायजो." सखाबाईनं दोन्ही तळवे आपल्या कपाळाच्या बाजूला धरले आणि पुढं वळवले. "असा असला तर ती काहीतरी पाहून राहिली. असा ढिला मागं, आणि शेपूट हलून राहिलं, तर तुले लाड करून राहिली. आणि असा..." तिनं तळवे डोक्याला घट्ट दाबले, मान वळवली, डोळे तिरपे केले. "असा असला तर हात लावाचा नाही. उठून बाजूले व्हाचं. दुखत असलं तर मानसालेबी कोनी त्रास देत नाही, मंग कुत्रीले कायले द्याचा."

तृप्तीनं आपला एक चांगला हात डोक्याला दाबून बघितला. पट्टीचा हात वर जाईना. एवढ्यात डिंपल घरातून बाहेर आली. तिनं हे सगळं बघितलं असावं. ती मुलीला उचलून आत घेऊन गेली.

त्या रात्री सखाबाईला जेवण गेलं नाही. शेडमध्ये ती बोलली होती ते खरं होतं, पण पुरतं नव्हतं. ऐकू येत नाही म्हटल्यावर सगळ्यांनी तिला दोषातून सोडून दिलं. कोणी हे विचारलं नाही, की दिसलं होतं का.

दहावा दिवस उलटला. भुरी ठीक होती, खात होती, पाणी पीत होती. अकराव्या दिवशी सकाळी सखाबाई पाळीवर जाऊन बसली. पाण्यावर धुकं विरत होतं. चाळीस-पन्नास हातांवर निकेश तिच्याच डोंग्यात, तिच्याच वाट्यात वाकून वेल उलटे करत होता. त्याला ते काम तिच्याइतकं जमत नव्हतं. तो वेल ओढायचा आणि मुळासकट उपटायचा. ती बघत राहिली.

कोणीतरी खांद्याला हात लावला म्हणून ती दचकली. डिंपल होती, नवऱ्याचा डबा घेऊन आलेली. ती डबा ठेवून परत जाईल असं सखाबाईला वाटलं, पण ती तिच्या शेजारी बसली. मग सखाबाईच म्हणाली,

"गुरगुरनं नाही आयकलं मी, ते खरं हाये. पन कान पायला होता, डिंपल. डोक्याले चिपकला होता. मले समजलं होतं. मी आधी गंज खाली ठेवला, मंग वळली."

हे बोलून झाल्यावर तिनं डिंपलकडं बघितलं. शिवी येईल, नाहीतर डिंपल उठून जाईल, याला तिची तयारी होती. डिंपल उठली नाही. तिनं तोंड गुडघ्यांत घातलं आणि तशीच काहीतरी बोलली. तिची पाठ हलत होती.

"आयकाले नाही आलं," सखाबाई म्हणाली.

डिंपलनं तोंड वर केलं, पण नजर पाण्याकडं, आवाज हलका. ओठ नुसते थरथरले.

"माह्याकडं पाहून सांग, बाई. मोठ्यानं सांग."

डिंपलनं डोंग्याकडं बघितलं. सकाळची वेळ, पाणी शांत; पाळीवर बोललेलं त्या काठाला जातं, हे तलावावर जन्म काढलेल्या कोणालाही सांगावं लागत नाही. काही नाही, असा हात करून ती विषय मिटवू शकली असती. तिनं पदरानं नाक पुसलं, सखाबाईचा हात धरून तिला आपल्याकडं वळवलं, आणि मोठ्यानं म्हणाली,

"मी आयकूनबी धावली नाही, मोठीमाय. किती वेळची गुरगुरून राहिली होती. मी मायसंग फोनवर होती. फोन ठेवला नाही मी. म्हनलं, तू आहेस ना तिथं."

या वेळी सखाबाईला आवाज ऐकू आला, लांबून आल्यासारखा, पण आला. आणि ओठही दिसले. डिंपलच्या खांद्यावरून तिला तलाव दिसत होता. डोंग्यातल्या निकेशचे हात थांबले होते. अर्धा उचललेला वेल त्याच्या हातातून लोंबत होता, त्यातून पाणी गळत होतं. तो त्यांच्याकडं बघत होता.

"आयकलं," सखाबाई म्हणाली.

तिनं डिंपलचा हात आपल्या फाटलेल्या बोटांनी दाबला आणि मग सोडला. आणखी काय करावं हे दोघींनाही माहीत नव्हतं.

निकेशनं वेल पाण्यात सोडला. मग त्यानं बांबू उचलला आणि डोंगा काठाकडं आणला. उतरून त्यानं पोतं ओढलं. पोतं ओलं आणि जड होतं. डिंपल पुढं झाली आणि तिनं दुसरं टोक धरलं. त्या दोघांनी ते पाळीवर चढवलं.

सखाबाई पुढं निघाली, चूल पेटवायला. बांधावरून न जाता ती सरळ रस्त्यानं चालली. पोतं घेऊन ते दोघं मागून येत होते. ते आपसात भांडत होते, बोलत होते, की गप्प होते, हे तिला कळायला मार्ग नव्हता. तिनं वळून बघितलं नाही.